बायकोचा पगार

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर पिठलं-भात खाल्ला. सोमवार होता. सोमवारी तिची सुट्टी असायची, म्हणून चूल माझ्याकडे. पिठल्यात गुठळ्या झाल्या होत्या. तिनं एक गुठळी बोटानं फोडली, आतून कोरडं पीठ निघालं. म्हणाली, "ह्यात सुपाऱ्या घातल्यात व्हय?" मी म्हटलं, खायचं तर खा, न्हाईतर कामावर ये. त्यावर तिचं म्हणणं, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलवलं तर दुप्पट पगार लागतो, नातीला विचारा. आणि हसायला लागली. तिचं हसणं म्हणजे आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग विहिरीवरचा पंप चालू व्हावा तसा एकदम आवाज. मग मलाही आवरेना. ताटं मी धुतली, ती आत जाऊन आडवी झाली.

ऊन उतरलं तरी उठली नाही. मी म्हटलं, पगारी सुट्टी आहे, वसूल करतीय, झोपू दे. चहा टाकला आणि कप घेऊन आत गेलो, तेव्हा कळलं.

जन्मभर राबली आणि गेली ती सुट्टीच्या दिवशी. हे मी अंगणात चार माणसांत बोललो तर माझा मेहुणा माझ्याकडे असा बघायला लागला, की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. ती ऐकायला असती तर हसली असती, एवढंच मला म्हणायचं होतं.

आता बायकोला पगार कसला आणि सुट्टी कसली, ते सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही, म्हणून सांगतो.

धरणाच्या रस्त्याला आमची खानावळ. वर पत्रे, तीन बाजूंनी मोकळी, मागं चूल. तांदळाची भाकरी, धरणातली मासळी आणि आमच्याच खाचरातला इंद्रायणी भात. आठवडाभर टेम्पोवाले आणि बांधकामावरची माणसं, शनिवार-रविवार पुण्याच्या गाड्या. तिचा नियम असा होता, की जेवणारा ताटावर आडवा हात धरत नाही तोवर भात वाढत राहायचं. तोंडानं नको म्हटलेलं ती ऐकत नसे. पुण्याच्या लोकांना हे ठाऊक नसायचं. ते नको नको म्हणत राहायचे आणि हिकडं ढीग चढत जायचा.

मुलगा पिरंगुटला कारखान्यात आहे, तिथंच चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. आमच्या शेजारचा रिसॉर्टवाला आमची जागा भाड्यानं मागत होता, आणि मुलगा म्हणत होता, देऊन टाका आबा, आणि दोघं आमच्याकडे या. मुलगा वाईट नाही. पण मी त्या फ्लॅटमध्ये राहून आलोय. ग्यालरीत बसलं की समोर दुसऱ्याची ग्यालरी दिसते, आणि तिथं पण एक म्हातारा बसलेला असतो. खाली उतरायचं तर माणसाला कारण लागतं. खानावळ बंद म्हणजे मी त्या ग्यालरीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून खानावळ चालली पाहिजे, ह्याच्यापलीकडे माझं दुसरं मत नव्हतं.

अशात नात आमच्याकडे राहायला आली. तिला इथंच वरच्या अंगाला कॉलेज मिळालं. पदवी झाली होती, आता त्याच्या वरचं शिक्षण, दोन वर्षांचं, हिशेबाचं आणि पैशाच्या व्यवहाराचं. मी चौथी शिकलेला. मी विचारलं, म्हणजे दिवाणजी होणार का? ती म्हणाली, "न्हाई आबा. दिवाणजीचा हिशेब काय झालं ते सांगतो. आमचा हिशेब पुढं काय करायचं ते ठरवायला असतो." मी म्हटलं, ते जोतिष झालं. तिची आजी चुलीपाशून म्हणाली, जोतिषाला फी कमी पडते.

दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. एक खरा धंदा घ्यायचा, त्याचा हिशेब मांडायचा आणि मालकानं पुढं काय करावं ते सांगायचं. शेवटच्या पानावर मालकाचा निर्णय लिहायचा, तो लिहिल्याबिगर प्रकल्प पुरा होत नाही. बाकीच्या पोरांनी मोठमोठ्या कंपन्या धरल्या. हिनं आमची खानावळ धरली. इथं आकडे मागायला कुणाच्या परवानग्या लागत नाहीत म्हणाली, आणि जेवण फुकट.

तिचा अभ्यास इंग्रजीत. संध्याकाळी भांडी झाली की ती शेडमध्ये बसून आधी इंग्रजीत वाचायची आणि मग आजीला मराठीत समजावून सांगायची. आजीला कळलं म्हणजे आपल्याला कळलं, अशी तिची पद्धत. आम्ही दोघं वालाच्या शेंगा सोलत बसायचो आणि उच्चशिक्षण घ्यायचो. मी तर सांगतो, त्या वर्षाइतका मी आयुष्यात हसलेलो नाही.

एकदा तिनं घसारा शिकवला. वस्तू आणली की ती दरवर्षी थोडी झिजते, ती झीज खर्चात धरायची. मोठं पातेलं किती वर्षं टिकंल, मिक्सर किती टिकंल, पंखा किती, असं विचारत चालली. बायको शेंग सोलता सोलता म्हणाली, "मग ह्यांचा घसारा किती?" नातीनं माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आबांचं आयुष्यमान केव्हाच पुरं झालंय आजी. आता नुसती भंगाराची किंमत." पंप चालू झाला. मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली गेल्या. पुढं महिनाभर मी चहा मागितला की बायको म्हणायची, भंगाराला चहा कशाला.

दुसऱ्या दिवशी स्थिर खर्च शिकवला. म्हणजे गिऱ्हाईक येवो न येवो, जो होतोच तो. विजेचा आकार, शेडची डागडुजी वगैरे. बायकोनं लगेच मला त्यात घातलं. गिऱ्हाईक असो नसो, चार वेळा चहा आणि दोन वेळा पेपर.

तांदळावरून मात्र माझी आणि नातीची जुंपली. तांदूळ घरचा आहे, त्याचा खर्च शून्य, असं माझं म्हणणं. ती म्हणाली, तोच तांदूळ तुम्ही बाजारात विकला असता तर पैसे आले असते. ते आले नाहीत, म्हणजे तेवढा खर्च झाला.

"म्हंजे जे आलंच न्हाई, त्येबी गेलं म्हणायचं?"

"हो."

मी म्हटलं, मग मी पोलीस पाटील झालो न्हाई, त्याचं मानधन पण खर्चात लाव. तिनं लिहायचं नाटक केलं.

पण खरा तमाशा झाला तो त्या ताटांच्या हिशेबाचा. नातीनं काढलं, की दिवसाला अमुक एवढी ताटं गेली की स्थिर खर्च भरून निघतो, आणि तिथून पुढच्या ताटाला नुसता मालाचा खर्च. उरेल ते सगळं आपलं. हे मला एकदम पटलं. फार पटलं. रातसार डोक्यात तेच. मला वाटलं, एकदा खर्च निघाला की मग आपण लोकांना स्वस्तात का देऊ नये? स्वस्तात दिलं तर गर्दी वाढंल, आणि जे येईल ते आपलंच. रविवारी नात मैत्रिणीकडे गेली होती. मी फळ्यावर खडूनं लिहिलं, की तेवढी ताटं झाल्यावर पुढच्या सगळ्यांना निम्मा दर, आणि किती ताटं झाली ती रेघ मारून दाखवत गेलो.

पुण्याची माणसं हुशार. पहिल्या दोन गाड्यांतले लोक जेवले. तिसऱ्या गाडीतल्या माणसानं फळा वाचला आणि म्हणाला, आम्हाला तशी घाई नाही, जरा धरण बघतो. चौथ्या गाडीलाही धरण बघायचं होतं. थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला ही गाड्यांची रांग, आणि बाकड्यांवर एक माणूस नाही. सगळे धरणाकडे तोंड करून उभे, आणि एक डोळा माझ्या फळ्यावर. एकमेकांना आग्रह चालला होता. तुम्ही बसा ना, तुमच्याबरोबर लहान मुलं आहेत. छे छे, तुम्ही आधी आलात. असा सभ्यपणा त्या रस्त्यानं कधी बघितला नसंल. आत मासळी तव्यावर वाळून चालली, भाकऱ्या कडक झाल्या. एक म्हातारी बाई गाडीत कुरकुरायला लागली, तर तिचा मुलगा म्हणाला, आई, फक्त सात ताटं राहिलीत.

बायको उलथनं घेऊन बाहेर आली. तिनं रांग बघितली, फळा बघितला, मला बघितलं. पदरानं फळा पुसला आणि रस्त्यात उभी राहून म्हणाली, "ज्याला जेवायचंय त्यानं आत या. ज्याला धरण बघायचंय त्याला धरणाचं तिकीट हाय, ते हितं माझ्याकडं काढायचं." सगळे आत. एकानं तर खरंच विचारलं, तिकीट किती. संध्याकाळी नातीला हे कळलं तेव्हा ती जमिनीवर लोळली. ही हकीकत तिनं कॉलेजात सांगितली, तर तिच्या मॅडम पुढच्या रविवारी मुद्दाम जेवायला आल्या आणि फळा कुठं आहे म्हणून विचारलं.

मग एक दिवस नातीनं तिच्या आजीला धरलं. आजी, तू नसलीस आणि बाहेरची बाई ठेवली तर तिला किती द्यावं लागंल? बायको म्हणाली, मला काय ठावं, मला कुणी ठेवलीच न्हाई. नात रिसॉर्टमध्ये जाऊन स्वयंपाकीण बाईचा पगार विचारून आली. तेवढा आकडा तिनं आजीच्या नावापुढं मांडला आणि पुन्हा बेरीज केली. आमचा नफा नाहीसा झाला. नाहीसा म्हणजे पार गेला, वर थोडा तोटा.

मी चिडलो. इतकी वर्षं खानावळ चालली, मुलगा शिकला, शेडला पत्रे आले, आणि ही परवाची पोर म्हणते तोटा. मी म्हटलं, तुझं कॉलेज खोटं. ती शांतपणे म्हणाली, "आबा, खानावळ आठवडाभर चालत नाहीये. आजी चालतीये. ती फुकट आहे म्हणून परवडतंय." मी उठून बाहेर गेलो. मला ऐकायचं नव्हतं, कारण ह्या हिशेबाचं पुढचं टोक मला ग्यालरीत दिसत होतं.

परत आलो तर बायको चुलीपुढं बसून हसत होती. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिचं लक्ष नाही. मी विचारलं, हसायला काय झालं? ती म्हणाली, "आवो, मी तुमच्यापरास महाग हाय."

त्या दिवसापासून ती बाई बदलली. सकाळी चुलीपाशी आली की म्हणायची, शेठ, हजेरी लावा. मला शेठ. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांत 'आवो'च्या पुढं गेली नव्हती ती. दुपारी जेवायला बसली की कुणी आवाज दिला तरी उठायची नाही, जेवणाची सुट्टी आहे म्हणायची. गुडघे दुखतात हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, ते आता शेठला सांगायला लागली. महिना भरला तेव्हा मी गंमत म्हणून पाकिटात घालून नातीनं लिहिलेला आकडा पुरा दिला. तिनं पाकीट उघडून बघितलं आणि नोटा दोनदा मोजल्या. मग म्हणाली, फंड कापला न्हाई ना?

त्या पैशांतून तिनं काय केलं? मला घेऊन शेजारच्या रिसॉर्टमध्ये जेवायला गेली. जो आमची जागा मागत होता त्याच्याकडे. ठेवणीतलं लुगडं नेसून. तिथल्या पोऱ्यानं वाटीभर भात आणून ठेवला आणि गेला तो गेलाच. ती आडवा हात धरायला तयार होऊन बसली होती. वाढायलाच कुणी येईना. शेवटी तिनं त्या व्यवस्थापकाला बोलावलं आणि सांगितलं, की जागा मागताय ती मागा, पण आधी भात वाढायला शिका. येताना रस्त्यानं आम्ही दोघं हसत हसत आलो. गुडघ्यामुळं ती दर थोड्या अंतरावर थांबायची, आणि थांबली की पुन्हा हसायची.

नातीच्या हिशेबात तीन वाटा होत्या. एक, जागा भाड्यानं द्यायची. दोन, चाललंय तसं चालू ठेवायचं. तीन, फक्त शनिवार-रविवार उघडायचं. तिसऱ्या वाटेत आजीचा पगार धरूनही चार पैसे उरत होते. बायकोला तिसरी वाट हवी होती. मला दुसरी. पाच दिवस मी काय करू? ती म्हणाली, माझ्याकडं बघत बसा. मी म्हटलं, ते बघून झालंय. मग तडजोड म्हणून आधी सोमवारची सुट्टी ठरली, बाकीचं नंतर बघू म्हणालो. नातीच्या प्रकल्पाचं शेवटचं पान तेवढं राहिलं होतं. ती रोज विचारायची, मालकाचा निर्णय काय लिहू? मी म्हणायचो, लिही, मालक विचार करतोय.

तो विचार चालू असतानाच तो सोमवार आला.

तेराव्याचं गोड जेवण झालं. दुपारी पाव्हणे गेले. मुलगा माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, आबा, आता आई न्हाई, आता कुणासाठी? रिसॉर्टवाला माझ्याशी बोललाय, कागद तयार आहे. उद्या तुमचं सामान नेऊ. त्यानं माझ्यासाठी ग्यालरीतली जागा रिकामी करून खुर्ची पण आणून ठेवली होती. त्याचे डोळे रडून सुजलेले. मला त्याला नाही म्हणवेना. मी हो म्हणायच्या बेतात होतो. खरं सांगतो, हो माझ्या जिभेवर आलं होतं.

नात दारात उभी होती. तिला प्रकल्प द्यायला मॅडमनी दिवस वाढवून दिले होते, ते संपत आले होते. पण ती काही विचारत नव्हती. मग मीच विचारलं. म्हटलं, तू शिकवलं होतंस ना, आपला तो जुना फ्रीज बिघडला तेव्हा, की जो पैसा गेला तो गेला, पुढचं ठरवताना तो धरायचा न्हाई?

"हो आबा. गेलेला खर्च निर्णयात धरत नाहीत."

"मग तुझी आजी कशात धरायची?"

ती माझ्यापुढं मांडी घालून बसली, अभ्यासाला बसायची तशी. म्हणाली, "आजीला आपण खर्चात कधी धरलंच नव्हतं आबा. तीच तर चूक होती." आणि मग नाक पुसत पुसत तिनं मला सगळं पुन्हा समजावलं. आजीच्या जागी जी येईल तिला पुरा पगार देऊन शनिवार-रविवार भागत असंल तर चालवा. भागत नसंल तर द्या रिसॉर्टला. पण आता दुसऱ्या कुणाला फुकटात राबवून परवडवू नका. स्वतःलासुद्धा न्हाई.

मुलगा म्हणाला, अगं, पण आबांना हे झेपंल का? ती म्हणाली, आबा भंगारात निघालेत बाबा, भंगाराला आता आणखी घसारा लागत नाही.

आणि मला हसू आलं. तेराव्याला, सुतक फिटल्या दिवशी, पाव्हण्यांची पत्रावळ अजून दारात, आणि मी हसतोय. मुलगा आधी घाबरला. मग तोही हसायला लागला, आणि हसता हसता त्याचं ते दुसरंच काहीतरी झालं, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. नात वही उघडून बसली होती. मी म्हटलं, लिही, शनिवार-रविवार. पगार पुरा.

मुलगा म्हणाला, पण बाई कुठून आणणार? ते मला पण ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि वरच्या आळीला गेलो. तिथं एक बाई राहते. नवरा नाही, दोन पोरी आहेत, आणि तिच्या भाकरीचं माझी बायको एरवी कुणाचं करत नसे ते कौतुक करायची. ती अंगणात गवऱ्या लावत होती. मला बघून तिला वाटलं, मी दुखवट्यात भेटायला आलोय, तिनं पदर डोळ्याला लावला. मी म्हटलं, ते राहू दे, मी पगाराचं बोलायला आलोय. आकडा सांगितला. तिनं पदर खाली घेतला आणि माझ्याकडे संशयानं बघितलं.

"एवढं? का?"

मी म्हटलं, एवढंच असतं. माझी नात शिकलीय त्यातलं.

ती गवऱ्या थापत राहिली. मग म्हणाली, एवढं असंल तर वाढवून घ्यायला जागा असणार. मासळी साफ करायचे पैसे वेगळे. मी म्हटलं, धर. म्हणाली, चुलीपाशी तुमी यायचं न्हाई, म्हातारी माणसं मधी मधी बोलतात. हे मात्र मला जड गेलं, पण मी म्हटलं, न्हाई येणार. आणखी काय? आणखी तिला सुचेना. तिनं हात धुतले, आत गेली आणि चहा घेऊन आली. मी तिच्या ओट्यावर बसून तो चहा प्यालो. तिनं विचारलं, शेठ, शनिवारी किती वाजता येऊ?

मी म्हटलं, शेठ म्हणू नको बाई. आबा म्हण. आणि शनिवारची मासळी सांगून ठेवायची म्हणून तिथनंच धरणाकडं उतरलो.